दुसरं भिंग बरं

घरात चाळिशी उलटून गेलेला आणि तरीही कधी चष्मा न लावलेला माणूस एकच उरला होता, आणि तो माणूस म्हणजे आत्या. म्हणूनच टॉर्च आत्याच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत आली होती.

टॉर्च हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ऑप्टोमेट्रीच्या, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायला शिकवणाऱ्या कॉलेजात ती गेली, आणि पहिल्याच महिन्यात तिनं घरातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत उजेड मारून पाहिला. बाबा पेपर वाचत असले की पेपर बाजूला सारून, आई फोनवर असली की फोनसकट. शेजारच्या काकांनी जिन्यात तिची चाहूल लागली की डोळे मिटून चालायची सवय लावून घेतली, आणि त्यात ते दोनदा पडले. त्यांनीच वैतागून हे नाव ठेवलं. नाव इतकं चपखल बसलं की पुढे वडीलही विसरून तिला त्याच नावानं हाक मारू लागले.

त्या कॉलेजात काय काय शिकवतात याची लोकांना कल्पना नसते. लोकांना वाटतं, भिंतीवर तक्ता टांगायचा आणि "वाचा" म्हणायचं, त्याला काय शिकायचंय! प्रत्यक्षात पहिलं वर्ष डोळ्यातले पडदे आणि स्नायू पाठ करण्यात जातं, दुसरं वर्ष प्रकाशाचे किरण कुठे वाकतात आणि सरळ का जात नाहीत यावर कपाळ बडवण्यात जातं, आणि मग मुलं एकमेकांच्या डोळ्यांवर तुटून पडतात. एकमेकांच्या पापण्या उलट्या करायच्या, बुबुळावर लेन्स बसवायची, ती निसटली की जमिनीवर रांगत शोधायची. वर्गात कधीही डोकावलं तरी निम्मी मुलं डोळे पुसताना दिसायची. नवख्या माणसाला वाटावं, इथं कुणीतरी गेलंय.

पण टॉर्चचा जीव जडला तो रेटिनोस्कोपवर. मुठीत मावणारं यंत्र. अंधाऱ्या खोलीत त्यातून उजेडाची एक रेघ समोरच्याच्या बाहुलीत सोडायची आणि ती आत कशी सरकते ते पाहायचं. सरकते आहे तोवर पुढची भिंगं बदलत राहायची. सरकायची थांबली की नंबर सापडला. पेशंटनं तोंड उघडायचीही गरज नाही. टॉर्चला हे यंत्र आवडलं, कारण ते वाद घालत नाही. वाद घालण्याचं खातं तिच्या स्वतःकडे होतं.

आणि तिथंच तिचं घोडं पेंड खात होतं. कारण रेटिनोस्कोपनं काढलेला नंबर हा अर्धाच नंबर. त्यानंतर पेशंटच्या नाकावर ट्रायल फ्रेम, म्हणजे तपासणीसाठीची भिंगं अडकवायची लोखंडी चौकट चढवायची, भिंगं बदलायची आणि नम्रपणे विचारायचं, "पहिलं बरं की दुसरं?" पेशंट म्हणेल तसा नंबर सुधारायचा. शेवटचा शब्द पेशंटचा.

मागच्या परीक्षेला कॉलेजचे वॉचमन तिचे पेशंट होते. रेघ एक सांगत होती आणि वॉचमन भलतंच सांगत होते, कारण चष्मा लागला असं कळलं तर आपल्याला कामावरून काढतील, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. टॉर्चनं तीनचार वेळा विचारलं आणि शेवटी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, तुम्ही चक्क खोटं बोलताय."

बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी पेनाला टोपण लावलं. "बाई, तुम्ही इथं नंबर काढायला आलात की कबुलीजबाब घ्यायला?"

"पण सर, ते खोटंच बोलत होते!"

"असतील. पण तुम्ही पेशंटशी भांडलात. नापास."

आता ही दुसरी खेप. या वेळीही नापास झाली की वर्ष गेलं, आणि बरोबरीची पोरं कामाला लागलेली असताना ही पुन्हा एकदा खालच्या वर्गात रांगत लेन्स शोधणार. वर्गाच्या मॅडमनी तिला बोलावून दम दिला होता. "तोंडाला कुलूप आणि हातात भिंग. पेशंट म्हणेल ते ऐकायचं. कळलं?" टॉर्चनं कानाला खडा लावला होता. आणि आता परीक्षेचा नियम असा, की पेशंट ज्याचा त्यानं घरून आणायचा. चाळिशीपुढचा, आणि आजवर चष्मा न लावलेला.

आत्या पुढच्या खोलीत शिवणाचं काम करायची. बाबांची थोरली बहीण, घरातला शेवटचा शब्द तिचा, आणि तिचे डोळे घारीचे आहेत हे घरात सगळ्यांना पाठ होतं, कारण ती रोज सांगायची. मात्र सुई ओवायची वेळ आली की ती टॉर्चला हाक मारायची. "ये गं, ओव जरा. तुझा हात बसू दे." हात इतका बसला होता की टॉर्च आता झोपेतही सुई ओवू शकली असती. कापडाचा तुकडा पाहायचा झाला की आत्या तो हात ताणून लांब धरी, मग आणखी लांब धरी, आणि हात संपला की म्हणे, "या खोलीत उजेडच नाही मेला." गिऱ्हाइकं गप्प बसायची. आत्याच्या तोंडाला लागण्यापेक्षा वाकडी बाही परवडली.

"आत्या, परीक्षेला माझी पेशंट म्हणून येशील?" टॉर्चनं विचारलं.

"पेशंट? मला काय धाड भरलीय?"

"काही नाही भरलेली. म्हणून तर."

"ज्याला भरलीय त्याला ने. तुझ्या बापाला ने."

"बाबांना चष्मा आहे. आईला आहे. चाळिशीच्या पुढचं आणि चष्मा नसलेलं माणूस लागतं."

"चाळिशीच्या पुढचं!" आत्यानं मशीन थांबवलं. "हे कुणी सांगितलं तुला?"

"तू बाबांपेक्षा मोठी आहेस, आत्या."

"थोडीशी!" आत्या म्हणाली. मग काही वेळ तिनं नुसतंच चाक फिरवलं. "मी नाही आले तर?"

"तर मी नापास."

"मग येते. पण आधीच सांगते, चष्मा लावून घेणार नाही. देवानं दिलेत तेवढे दोन डोळे पुरेत मला."

"नको लावूस," टॉर्च म्हणाली. परीक्षेत पेशंटनं नंबर मान्य करायचा असतो, हे तिनं सांगितलं नाही. पुढचं पुढे पाहू, असा तिनं विचार केला, आणि ज्यांनी ज्यांनी असा विचार आजवर केलाय त्यांचं जे झालं तेच तिचं व्हायचं होतं.

परीक्षेच्या सकाळी मुलांना एका वर्गात बसवलं आणि पेशंट मंडळींना तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर. पुढे बाकावर जे घडलं ते टॉर्चला फार उशिरा कळलं. पण आपल्याला ते आत्ताच माहीत असलेलं बरं.

पहिल्या मुलीची आई आत जाऊन आली ती रडवेली होऊन.

"काय विचारतात?" बाकानं एका आवाजात विचारलं.

"भिंगं बदलतात आणि विचारतात, पहिलं बरं की दुसरं. मला तर दोन्ही सारखीच वाटली. तसं म्हटलं तर ते परीक्षक नुसते 'हं' म्हणाले आणि काहीतरी लिहिलं."

"हं म्हणाले?" शेजारचे गृहस्थ दचकले. हे निवृत्त हेडक्लार्क, आणि त्यांचा मुलगा वर्गात पहिला येणारा. "हं चांगलं नाही. आमच्या ऑफिसात साहेब हं म्हणाले की फाईल गेलीच."

खरं तर "दोन्ही सारखंच" हे उत्तर म्हणजे नंबर अचूक जुळल्याची खूण. त्या मुलीचा पेपर उत्तम गेला होता. पण हे बाकाला सांगणार कोण? बाकाची पाचावर धारण बसली. आणि अशा प्रसंगी कुणीतरी पुढारीपण घ्यावं लागतं. ते आत्यानं घेतलं.

"घाबरू नका," ती म्हणाली. "मी जन्मभर कापडाच्या दुकानातून हिंडलेय. दुकानदार पहिला माल कधी चांगला दाखवतो का? नाही. आधी पडेल माल काढणार, मग आपण नाक मुरडलं की चांगला काढणार. ही पोरंही तेच करणार. आधी वाईट भिंग, मग चांगलं. तेव्हा उत्तर काय?"

"दुसरं!" बाक म्हणाला.

"दर वेळी दुसरं. ठासून सांगायचं. आपण चाचरलो की पोरांचे मार्क गेले."

"पण बाई," हेडक्लार्क म्हणाले, "मला खरंच पहिलं बरं दिसलं तर?"

"तुम्हाला काय दिसतं याला कोण विचारतंय? परीक्षा पोराची आहे. तुम्हाला मुलगा पास व्हायला हवाय ना?"

हेडक्लार्कना हवा होता. ते छाती पुढे काढून आत गेले आणि बऱ्याच वेळानं भिंत चाचपत बाहेर आले.

"जमलं?"

"ठासून सांगितलं. दुसरं, दुसरं, दुसरं. भिंगं जाड जाड होत गेली. शेवटी चालून दाखवा म्हणाले. मी दार समजून कपाटात शिरलो."

"आणि मुलगा?"

"घामाघूम झालाय."

"आनंदानं असेल," आत्या म्हणाली.

त्यानंतर बाकावरचं एकेक माणूस आत गेलं आणि एकेक पोरगं तोंड पाडून बाहेर आलं. परीक्षक सर चक्रावले होते. एवढ्या वर्षांत त्यांनी चुकणारी मुलं पुष्कळ पाहिली होती, पण पहिली मुलगी सोडली तर सगळीच्या सगळी एकाच तऱ्हेनं चुकणारी मुलं त्यांना प्रथमच भेटत होती. टॉर्चची पाळी आली तेव्हा त्यांचा पारा चढलेला होता, आणि टॉर्चला पाहून तो आणखी चढला.

"तुम्ही!" ते म्हणाले. "कबुलीजबाबवाल्या!"

"हो सर," टॉर्च म्हणाली. तोंडाला कुलूप, तिनं मनात म्हटलं.

"बसा आजी," सर आत्याला म्हणाले.

"आजी कोण?" आत्यानं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. "ताई म्हणा. साहेब, तुमचे केस पिकलेत म्हणून सगळं जग म्हातारं झालेलं नाही."

सरांनी वहीकडे पाहिलं. टॉर्चनं घाईघाईनं दिवा घालवला.

अंधारात काम झकास झालं. उजेडाची रेघ आत्याच्या बाहुलीत गेली आणि खोटं बोलणं ठाऊकच नसल्यासारखी सगळं सांगून मोकळी झाली. लांबचा थोडा नंबर होता आणि तो कित्येक वर्षांचा मुरलेला असावा; त्यावर वयाप्रमाणे जवळचा चांगला मोठा लागणार होता. टॉर्चला मनातून वाईट वाटलं. या डोळ्यांनी ही बाई रोज सकाळपासून शिवत बसते आणि दोष खोलीतल्या उजेडाला देते. आपण घरभर टॉर्च मारत फिरलो, पण हिच्या खोलीत जाऊन हिच्या डोळ्यांत एकदाही नीट पाहिलं नाही. हिंमतच झाली नव्हती.

दिवा लागला. तक्ता समोर आला. आत्यानं वरच्या ओळी धडाधड वाचल्या आणि शेवटच्या ओळीवर येऊन थांबली.

"ही ओळ छापणाऱ्यानं नीट छापलेली नाही," तिनं जाहीर केलं.

टॉर्चनं तिच्या नाकावर फ्रेम चढवली, भिंगं घातली आणि गोड आवाजात विचारलं, "आता सांग आत्या. पहिलं बरं, की हे दुसरं?"

"दुसरं."

"आता?"

"दुसरं."

टॉर्चला शंका आली. तिनं मघाचीच दोन भिंगं उलट्या क्रमानं दाखवली. मघा जे दुसरं होतं ते आता पहिलं झालं.

"दुसरं," आत्या ठासून म्हणाली.

कॉलेजात शिकवलेली एक युक्ती अशी की पेशंटची उत्तरं पटेनाशी झाली की तेच भिंग दोनदा दाखवायचं. टॉर्चनं एक भिंग घातलं, काढलं, आणि पुसून पुन्हा तेच घातलं.

"दुसरं! यात काय शंका! पहिलं अगदीच टाकाऊ होतं."

टॉर्चच्या कानशिलातली शीर उडायला लागली. तिनं पेटीतलं सगळ्यात जाड भिंग उचललं. त्यातून बघितलं तर समोर हत्ती उभा केला तरी धुकंच दिसावं.

"आणि हे दुसरं?"

"झकास!" आत्या म्हणाली, आणि सरांच्या दिशेनं, म्हणजे खुंटीला टांगलेल्या कोटाकडे बघून, कौतुकानं हसली.

टॉर्चनं जाड भिंग काढलं आणि दिवा घालवून पुन्हा रेटिनोस्कोप उचलला.

"हे परत कशाला?" अंधारातून सरांचा आवाज आला.

"सर, पेशंट एक बोलतोय आणि पेशंटचा डोळा दुसरं बोलतोय."

"हेच तुम्ही मागच्या वेळी म्हणाला होता. त्याचं काय झालं ते आठवतंय ना?"

"आठवतंय."

"मग पेशंट काय म्हणतोय तेच धरा. ताई जे म्हणतायत तो नंबर लिहा आणि मोकळ्या व्हा. सकाळपासून सगळ्यांनी तेच केलंय."

इथं टॉर्चचं कुलूप निघालं. निघालं कसलं, तुटून पडलं. तिनं दिवा लावला.

"सर, ती म्हणते तो नंबर लिहिला तर ती घरी जाताना पहिल्या खड्ड्यात पडेल. दुसऱ्या दिवशी मशीनची सुई बोटातून आरपार जाईल. ही माझी आत्या आहे. आणि आत्या नसती, रस्त्यावरचा माणूस असता, तरी मी नसता लिहिला. मागच्या वेळीही माझाच नंबर बरोबर होता. भांडले ती माझी चूक. नंबर चुकला नव्हता. तुम्हाला नापास करायचं असेल तर खुशाल करा. खोटा नंबर माझ्या हातून जाणार नाही."

सरांनी पेनाला टोपण लावलं. या आवाजाची टॉर्चला ओळख होती.

"पेशंटनं मान्य न केलेला नंबर आम्हाला धरता येत नाही," ते म्हणाले. "नियमच आहे. नापास."

"काय?" आत्या खुर्चीतून अर्धी उठली. फ्रेम नाकावरून घसरून हनुवटीशी आली. "नापास? अहो साहेब, असं कसं? मी एकदासुद्धा चुकले नाही! दर वेळी दुसरंच म्हणाले!"

सरांचा हात जागच्या जागी थांबला. "दर वेळी दुसरंच म्हणजे?"

"म्हणजे दुसरंच बरोबर असतं ना! आम्ही बाहेर ठरवलंच होतं तसं."

"ठरवलं? कुणी कुणी?"

"सगळ्यांनी. मी सांगितलं म्हणून ठरवलं," आत्या अभिमानानं म्हणाली. "पोरांचं नुकसान नको व्हायला."

सरांनी वहीची पानं मागं उलटली. एकेका पानावर थांबत गेले. मग डोळ्यांवरून हात फिरवत म्हणाले, "म्हणजे तो कपाटात शिरलेला माणूस..."

"हेडक्लार्क. मोठे चांगले गृहस्थ आहेत."

बाहेर बाकाला आतला आवाज ऐकू जात होता. दार किलकिलं झालं आणि फटीतून हेडक्लार्क आणि त्यांच्या खांद्यावरून बाकीची मंडळी डोकावू लागली. सरांनी त्यांना हाकललं नाही. ते खुर्ची ओढून आत्यासमोर बसले आणि पहिल्यांदाच मऊ आवाजात म्हणाले, "ताई, इथं बरोबर उत्तर नसतं हो. तुम्हाला काय दिसतं तेवढंच सांगायचं. आता खरं सांगा, तुम्हाला जवळचं नीट दिसतं का?"

आत्या अडचणीत आली. खरं सांगावं तर इतक्या वर्षांचे घारीचे डोळे सगळ्या बाकासमोर पाण्यात. न सांगावं तर पोरगी नापास. तिनं मान ताठ केली आणि डोळे मिटून घेतले.

"मला उत्तम दिसतं," ती म्हणाली.

"मग डोळे उघड," टॉर्च म्हणाली.

"उघडणार नाही. माझे डोळे आहेत."

"ठीक आहे. मिटूनच बस. मला फ्रेम तरी नीट करू दे, नाकाला लागतेय तुझ्या."

टॉर्चनं तिला सापडलेला नंबर घातला, त्यावर जवळचं भिंग चढवलं, आणि कानामागच्या काड्या बसवायला वाकली. वाचायचं कार्ड तिनं हातात घेतलंही नाही. आत्यासारख्या माणसाला डोळे मिटून फार वेळ बसवत नाही, एवढं तिला घरी राहूनच ठाऊक झालं होतं. आत्यानं एक डोळा उघडला. समोर टॉर्चच्या पांढऱ्या ॲप्रनची बाही होती. मग दुसरा डोळा उघडला.

"अगं बाई!" आत्या ओरडली. "ही काय शिवण आहे? बघा, बघा! टीप इथून निघाली, तिकडे भटकून आली, वाटेत दोनदा बसली. दोऱ्याचा रंगही वेगळा! कुठल्या नतद्रष्टानं शिवलाय हा?"

टॉर्चनं ओठ घट्ट मिटले, पण ते फार वेळ मिटून राहिले नाहीत.

"तू, आत्या."

आत्यानं बाही हातात धरली. उलटी केली, सुलटी केली. बोटांनी टीप चाचपत खांद्यापर्यंत गेली आणि परत आली. तिचा चेहरा पडला तेव्हा टॉर्चला जिंकल्याचा आनंद अजिबात झाला नाही. उलट, ही बाही आपण घालून यायलाच नको होती, असं तिला वाटलं. दारातली मंडळीसुद्धा भिंतीकडे बघू लागली.

पण आत्या ती आत्या. तिनं बाही सोडली, पदर सावरला आणि मान वर केली.

"मशीन बिघडलंय," ती म्हणाली.

"नाचता येईना..." हेडक्लार्क दारातून पुटपुटले, आणि आत्यानं तिकडे नुसतं पाहिलं तर मागं सरकले.

"मशीन बिघडलंय," आत्या पुन्हा म्हणाली, "आणि ते दुरुस्त करायला आतलं बारीक बघावं लागणार. तेवढ्यापुरता हा चष्मा चालेल मला. कुणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्या मर्जीनं. लिहा साहेब. मान्य आहे म्हणून लिहा."

"तक्त्यावरची शेवटची ओळ?" सरांनी विचारलं.

टॉर्चनं जवळचं भिंग तेवढं काढलं. आत्यानं तक्त्याकडे पाहिलं आणि ओळ वाचून टाकली.

"आता नीट छापलीय," ती म्हणाली.

सरांनी वहीची पानं एकदा पुढे, एकदा मागं उलटली. टॉर्च उभी होती. ती माफी मागणार नव्हती. काय व्हायचं ते होऊ दे.

"नंबर बरोबर आहे," सर शेवटी म्हणाले. "पेशंटनं मान्य केलाय. तुम्हाला नापास करायला माझ्यापाशी काही शिल्लक राहिलेलं नाही. मी शोधलं." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "पास. आता जा, आणि बाकीच्या सगळ्या पेशंटना परत आत पाठवा. पुन्हा पहिल्यापासून."

बाहेर हाहाकार उडाला. पोरं आनंदानं ओरडत होती, बाक ओशाळला होता. आत्यानं सगळ्यांना पुन्हा ओळीनं बसवलं आणि मघाच्याच ठसक्यात दम भरला, "दिसेल तेच सांगायचं! एक जण जरी खोटं बोलला तरी आमची पोरगी बाहुलीत बत्ती मारून पकडेल." हेडक्लार्क आत जाताना कपाट कुठल्या बाजूला आहे ते विचारून गेले.

मग टॉर्च आत्याला घेऊन व्हरांड्याच्या टोकाला आली. ट्रायल फ्रेम अजून आत्याच्या नाकावरच होती, आणि जवळचं भिंग तिनं स्वतःच्या हातानं पुन्हा चढवून घेतलं होतं. ती स्वतःचे तळवे बघत होती, नखं बघत होती, खिडकीच्या गजावरचा गंज बघत होती.

"थँक्यू, आत्या," टॉर्च म्हणाली. वाद घालायला तिला या वेळी विषयच सापडत नव्हता. "तू मान्य केलं नसतंस तर..."

आत्यानं तिच्याकडे पाहिलं. मग तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला.

"अगं," ती म्हणाली, "तू तर दिसायला चांगली आहेस की!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! नाक सरळ, डोळे पाणीदार, रंगही कसा उजळलाय. आणि मी तुझी बारावी झाली तेव्हा तुझ्या बापाशी हमरीतुमरीवर येऊन भांडले होते. तो म्हणत होता, आता हिच्यासाठी स्थळं बघू. मी म्हटलं, अरे, स्थळं कसली बघतोस? पोरगी रूपानं अगदीच बेताची, कोण पसंत करणार हिला? त्यापेक्षा शिकू दे, पायावर उभी राहू दे. बिचाऱ्यानं ऐकलं माझं. माझी नजर घारीची म्हणून ऐकलं." आत्यानं पुन्हा एकदा निरखून पाहिलं आणि पस्तावल्यासारखं तोंड केलं. "छे! घोटाळाच झाला म्हणायचा. घरी गेल्यावर सांगितलं पाहिजे त्याला. अजून काही उशीर झालेला..."

टॉर्चनं झटकन तिच्या नाकावरची फ्रेम काढली आणि ॲप्रनच्या खिशात घातली.

"अगं, काढलास काय? माझा चष्मा कधी करणार?"

"करू गं, आत्या," टॉर्च म्हणाली आणि तिचा हात धरून तिला जिन्याकडे नेऊ लागली. "एवढी काही घाई नाही."